उजेडाने गाठ शोधायची, तर खर्च किती?

वरळीच्या जांबोरी मैदानावर तपासणी शिबिर लागतं आणि कुणीतरी सांगतं, ‘दुखत नाही, एक्स-रे नाही, उजेडाने स्तनातली गाठ कळते.’ पाकीट काढण्याआधी मोबाइलचा टॉर्च तळहाताला लावून बघा. हात लालभडक होतो, पण आतलं हाड काही दिसत नाही. उजेड मांसात शिरतो आणि तिथेच भरकटतो.

यावर तोड निघाली ती उजेडाच्या अतिसूक्ष्म झटक्यांची. दादरच्या पुलावर न रेंगाळता सरळ निघालेला माणूस आधी पोचतो, तसे न भरकटलेले किरण आधी पोचतात, तेवढेच टिपायचे. मात्र शरीरात प्रकाश 1 नॅनोसेकंदात सुमारे 20 सेंटिमीटर कापतो, म्हणजे निवडायला वेळ किती मिळतो बघा. दुसरी तऱ्हा अशी: लेझरचा झटका रक्ताने शोषला की बारीक ध्वनिलहर उठते, ती टिपून चित्र काढायचं. या जातीच्या ‘इमॅजिओ’ यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये मान्यता दिली, तीही सोनोग्राफीच्या जोडीने वापरायला.

म्हणजे उजेडाची तपासणी एकटी पुरत नाही, म्हणून शिबिरात सांगितलेला दर हा पूर्ण खर्च नव्हे. काही संशयास्पद निघालं तर मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी करावीच लागते. खासगीत मॅमोग्राफीला साधारण दीड ते तीन हजार, सोनोग्राफीला हजार-दोन हजार धरा. परळच्या केईएम रुग्णालयात हे बरंच स्वस्तात होतं. टाटा रुग्णालयात जनरल आणि प्रायव्हेट असे दोन दर आहेत. नोंदणी करतानाच कुठला हवा ते सांगा.

सगळ्यात स्वस्त तपासणी हाताची. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही लक्षात ठेवा. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी फुकट आहे. महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. पण हाताला गाठ लागलीच असेल, तर वय कितीही असो, शिबिराची वाट न बघता थेट केईएम किंवा टाटा गाठा.

उपचारांची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण रेशनकार्ड आधी काढून बघा. चाळ सोडून संक्रमण शिबिरात किंवा नव्या टॉवरमध्ये गेलेल्यांच्या कार्डावर अजून चाळीचाच पत्ता असेल, तर ते चालेल का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारून घ्या.