आधी तुकडा तपासा

माझा उजवा कान लहानपणापासून अधूनमधून वाहायचा. त्यामुळे पन्नाशीनंतर तो पुन्हा वाहू लागला तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी बुरशी सांगितली, थेंब दिले, मग थेंब बदलले. या खेपेला मात्र कापसाला रक्त लागत होतं आणि रात्री ठणक्याने झोप मोडत होती. साध्या संसर्गात औषधाने दुखणं उतरतं. हे चढतच गेलं.

दुसऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना दुर्बिणीखाली कानाच्या नळीत लालसर मांस वाढलेलं दिसलं. तुकडा तपासायला गेला, रिपोर्टात नुसती सूज आली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते! डॉक्टर मात्र अडून बसले. वरवरचा तुकडा घेतला की कधीकधी सुजलेली कातडीच हाती येते, म्हणून भूल देऊन खोलवरचा घेतला. त्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग, निघाला.

कानाच्या नळीतला हा कर्करोग वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होतो. पहिल्या डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिला नसेल, तर मी त्यांना बोल लावणार नाही. पण दोन-तीन आठवडे औषध करूनही कान थांबत नसेल, तर ‘बायोप्सी करायची का?’ हे आपणच विचारावं. मधुमेह असेल तर विशेषच. कारण मधुमेहींमध्ये कानाचा एक खोल संसर्ग हुबेहूब असाच दिसतो, आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही. तोंड वाकडं होईपर्यंत तर मुळीच थांबू नये.

कर्करोग निघाला, तर परळच्या टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात जाताना रिपोर्टाबरोबर मूळ स्लाइड आणि मेणातला ब्लॉकही लॅबमधून मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पाहतात. हाड किती पोखरलंय ते सीटी दाखवतो, आजूबाजूच्या मांसात किती पसरलंय ते एमआरआय. एकावर भागवू नका.

शस्त्रक्रियेत माझी कानाची नळी, पडदा आणि पडद्यामागची दोन हाडं एकसंध काढली, कानापुढच्या लाळग्रंथीचा भाग आणि मानेतल्या गाठीही. चेहऱ्याची नस कानाभोवतीच्या हाडातून जाते, ती वाचेल का हे आधीच विचारून ठेवा. आतला कान शाबूत राहिला, तर हाडावाटे ऐकवणारं यंत्र उपयोगी पडतं.

आणि शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यायचे असतील, तर त्याआधी दात दाखवा. किरणं घेतलेल्या जबड्यातली दाढ नंतर काढली, तर जखम भरत नाही असंही होतं. माझी किडकी दाढ आधीच उपटली.