बियाला ठेवलेला घेवडा

मुठा खोऱ्यात पाऊस फार. मृगात सुरू झाला की दसऱ्यापर्यंत हटत नाही. परसातला घेवड्याचा वेल त्या पावसात मांडवभर पसरतो. पण नुसता पाला, फूल नाही. नवी सून म्हणते, "वेल वांझ दिसतो." सासूबाई म्हणतात, "थांब गं, दिवस लहान होऊ दे."

सासूबाईंचे खरे आहे. जुना घेवडा दिवस ओळखतो. रात्र मोठी होऊ लागली की तो फुलतो. दिवाळीच्या सुमारास तुरे येतात, तोवर पाऊस गेलेला असतो. शेंगा थंडीत भरतात आणि कोरड्या हवेत वाळतात. म्हणून बी चांगले निघते. वाल, पावटा हे त्याचेच भाऊबंद. श्रावणघेवडा मात्र वेगळा, ती फरसबी.

कोणत्याही महिन्यात फुलणारे वाण आता बाजारात मिळतात. भाजीला ते बरे. पण भर पावसात फुलले तर फुले गळतात, शेंगा कुजतात. आपल्या खोऱ्याला जुनाच मानवतो, असे आमचे मत आहे.

आता आमची चूक सांगतो. आमच्या आईचा एक घेवडा होता. रुंद शेंग, कडेला जांभळी रेघ. आई गेल्यावर आम्ही चांगल्या शेंगा भाजीला खाल्ल्या आणि उरलेल्या खुरट्या शेंगा बियाला ठेवल्या. तीन-चार वर्षे असेच केले. शेंग बारीक होत गेली. शाळेत मुलांना 'पेरावे तसे उगवते' म्हणून फळ्यावर लिहून देत होतो, आणि घरी हे! पुढे एका वर्षी बी अर्धवट वाळवून डब्यात भरले. मृगात डबा उघडला, तर दाण्यादाण्याला भोक आणि आत भुंगेरे. एकही दाणा उगवला नाही.

वाण गेलाच होता. पण वरच्या वाडीतल्या एका मावशींकडे तेच बी निघाले. आमच्या आईनेच कधीतरी त्यांना ओंजळभर दिले होते. मावशींनी वीस दाणे मोजून दिले, आणि आम्हां मास्तरांना धडाही दिला.

बियाचे वेल आधी निवडायचे. एकच नको, चार-पाच निवडा. त्यांना लाल चिंधी बांधा. त्यांची शेंग भाजीला तोडू नका, पाहुणे आले तरी नाही! पाने पिवळी-हिरवी चट्ट्यांची आणि आकसलेली असतील तर तो वेल बियाला धरू नका. दुसऱ्या जातीचा घेवडा शेजारी लावू नका. मधमाश्या आणि भुंगे थोडी सरमिसळ करतातच.

शेंग वेलावरच वाळू द्या. हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत. दव उडाल्यावर दुपारी तोडा. सोलून दाणे उन्हात घाला. मग एक दाणा दाताखाली धरा. दाताची खूण उमटली तर दाणा ओला, कट्कन फुटला तर वाळला.

भुंगेऱ्याची मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते. अळी दाणा आतून खाते आणि भुंगेरा होऊन भोकातून बाहेर येतो. मग तो नवी अंडी घालतो. म्हणून चाळलेली कोरडी राख दाण्यांत मिसळा. राखेत भुंगेऱ्याला हिंडता येत नाही. मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपा आणि मडके ओल नसलेल्या जागी ठेवा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बी जपले. घेवड्याचे कितीतरी वाण त्यांच्याकडे आहेत. त्या शाळेत गेल्या नाहीत. बाएफ या संस्थेची त्यांना मदत झाली, आणि 2020 सालचा पद्मश्री त्यांना मिळाला.

कोणी म्हणेल, घरचे बी दुसऱ्याला देणे कायद्यात बसते का? बसते. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त कंपनीसारखे छाप मारलेल्या पुडीत घालून विकता येत नाही.

पेरणीआधी दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्याने उघडा. आठ-नऊ मोडले तर बी चांगले. पाचच मोडले तर दुप्पट टोका.

मावशींच्या वीस दाण्यांपैकी सतरा उगवले. कडेची जांभळी रेघ पुन्हा दिसली. यंदा दोन मडकी भरली आहेत. एक आमच्या माळ्यावर आहे, दुसरे मुद्दाम मावशींच्या घरी ठेवले आहे.