लग्नाची कॅसेट संगणकावर आणताना

काळाचौकी, लालबाग, परळ या मुंबईतल्या गिरणगावच्या पट्ट्यात घरे रिकामी करण्याचे प्रसंग अलीकडे वाढले आहेत. नायगाव आणि वरळीच्या बीडीडी चाळींतली बिऱ्हाडे नव्या इमारतींकडे निघाली आहेत, तर अभ्युदयनगरसारख्या म्हाडाच्या वसाहतीत पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. सामान उतरवताना माळ्यावरून जे खोके निघतात, त्यांतल्या एकात हटकून व्हिडिओ कॅसेटी असतात आणि त्या पेन ड्राइव्हवर घ्यायला कोणते यंत्र आणावे, हा प्रश्न त्याच दिवशी घरातल्या सर्वांत तरुण माणसाकडे सोपवला जातो. तो ऑनलाइन किंवा लॅमिंग्टन रोडच्या बाजारात एक जोडणी-उपकरण घेतो, आणि पुढचा बराचसा मनस्ताप या खरेदीतूनच सुरू होतो. कारण रूपांतराच्या साखळीतली ही सर्वांत शेवटची कडी असून निवड मात्र पहिल्या कडीपासून, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रापासून, व्हायला हवी.

ही उलटापालट या भागात विशेष दिसते, त्याला इतिहास आहे. नोव्हेंबर १९८२ मधील दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हिडिओचे युग सुरू झाले. गिरणगावात मात्र त्याच वर्षीच्या १८ जानेवारीपासून गिरणी कामगारांचा संप पेटलेला होता आणि दहा बाय बाराच्या खोलीत व्हीसीआर विकत आणणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर रात्रीपुरते भाड्याने आणून गल्लीत किंवा चाळीच्या चौकात चित्रपट दाखवायचा, आणि त्याच भाड्यात घरच्या लग्नाची कॅसेटही पाहून घ्यायची, अशी रीत होती. त्यामुळे आज पुष्कळ घरांत कॅसेट आहे, पण ती वाजवणारे यंत्र कधीच नव्हते. जिथे होते तिथेही ते भंगारात गेले. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले असल्याने आता मिळणारे प्रत्येक चांगले यंत्र जुनेच असणार, हे गृहीत धरावे लागते.

खोक्यातली प्रत्येक कॅसेट एकाच जातीची नसते. सुमारे अर्धा इंच रुंदीच्या फितीची मोठी काळी कॅसेट ती व्हीएचएस; तळहातावर मावणारी, आठ मिलिमीटर फितीची कॅसेट ती व्हिडिओ-८ किंवा हाय-८, जी बहुधा आखातातल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या हँडीकॅममधून आलेली असते; आणि त्याहून लहान ती मिनी-डीव्ही. मिनी-डीव्हीवरचे चित्रण मुळातच अंकीय, म्हणजे आकड्यांच्या रूपात साठवलेले असल्यामुळे तिला रूपांतरक, म्हणजे कॅसेटवरचा सिग्नल अंकीय करणारे उपकरण, लागतच नाही. कॅमेरा फायरवायर नावाच्या जोडणीने संगणकाला लावून ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची असते. कॅमेऱ्याची पिवळी व्हिडिओ वायर रूपांतरकात खोचणे म्हणजे चांगल्या प्रतीची मुद्दाम खराब नक्कल काढणे होय.

यंत्र चुकीचे निवडल्याचे परिणाम कसे दिसतात, हे १९८९ सालच्या एका लग्नाच्या कॅसेटवरून ध्यानात येईल. काळाचौकीच्या एका घराने ती काहीशे रुपयांच्या यूएसबी जोडणीने संगणकावर घेतली. प्रथम चित्र कृष्णधवल आणि वरून खाली घरंगळणारे आले, कारण सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेची एनटीएससी पद्धत आपोआप निवडलेली होती. भारतातली कॅसेट पाल पद्धतीची, म्हणजे ६२५ रेषांची आणि सेकंदाला २५ चित्रांची असते. हा दोष एका क्लिकने गेला. दुसरा गेला नाही. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळत होते, पण तास-दीड तासानंतर अक्षता आधी पडू लागल्या आणि ‘सावधान’ मागाहून ऐकू येऊ लागले. मांडवाचे उभे खांब पाण्यात पाहिल्यासारखे थरथरत होते. घरातल्यांनी दोष कॅसेटच्या वयावर टाकला आणि ती रद्दीत घालायला काढली, हा खरा धोक्याचा क्षण होता. कारण कॅसेट शाबूत होती.

खांब का थरथरतात, हे समजले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो. व्हीएचएसची फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटीमीटर सरकते, पण तिला तिरका वेढा दिलेला धातूचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरची हेडे फितीवरच्या तिरकस पट्ट्या वाचत जातात. फीत ताणलेली असेल, रबरी रोलर झिजलेला असेल, तर प्रत्येक रेषा आपल्या वेळेपेक्षा किंचित आधी किंवा उशिरा सुरू होते. जुना दूरचित्रवाणी संच ही चुकामूक सांभाळून घेत असे. अंकीय उपकरण मात्र स्वतःच्या काटेकोर घड्याळाने मोजते, म्हणून त्याला रेषा वाकड्या दिसतात आणि गोंधळ फार वाढला की ते अख्खी चित्रेच गाळते. चित्रे गळाली, पण आवाज पूर्ण नोंदला गेला, तर चित्र पुढे पळते. अक्षता आधी पडतात त्या यामुळे. रेषा पुन्हा वेळेवर ओळीत लावणाऱ्या मंडलाला टाइम बेस करेक्टर म्हणतात. वरच्या दर्जाच्या काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो अंगचाच असतो. तसा व्हीसीआर न मिळाल्यास पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएस१० सारख्या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे जाऊ दिला, तरी रेषा बऱ्याच अंशी सरळ होतात. डीव्हीडी न बनवता डीव्हीडी रेकॉर्डर वापरण्याचा हा उपाय विचित्र वाटतो, पण जगभरचे हौशी लोक तो वर्षानुवर्षे वापरत आले आहेत.

म्हणून हाताशी ठरावीक रक्कम असेल, तर तिचा मोठा वाटा वाजवणाऱ्या यंत्रावर खर्चावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. जुना व्हीसीआर घेताना तो चालू करून, बिनमहत्त्वाची कॅसेट घालून, ती पुढे-मागे पळवून पाहावी. फीत चघळणारे यंत्र फुकट मिळाले तरी महाग पडते. फक्त वाजवणारा व्हीसीपी मिळाला तर तो कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही, उलट त्यावर चुकून रेकॉर्डिंग होण्याची भीती नाही. व्हीसीआर असल्यास कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची टिकली आधी मोडून टाकावी. हेड साफ करताना कापसाचे बोळे वापरू नयेत, धागे अडकून हेड तुटू शकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शॅमॉय चामड्याचा तुकडा स्थिर धरून ड्रम हाताने आडवा फिरवावा. स्वतः करण्याचे धाडस नसेल तर जुना मेकॅनिक गाठणे बरे.

रूपांतरकाबाबत बाजारात तीन प्रकार दिसतात. यूएसबीच्या स्वस्त काड्या बाहेरून एकसारख्या असल्या, तरी आतली चिप दर खेपेला वेगळी निघू शकते, त्यामुळे एकाच्या संगणकावर चाललेली काडी दुसऱ्याकडे चालेलच असे नाही. हॉपॉजची यूएसबी-लाइव्ह२ किंवा आय-ओ डेटाची जीव्ही-यूएसबी२ यांसारख्या ओळखीच्या नमुन्यांचा फायदा असा, की त्यांच्या आत काय आहे आणि ती कशी वागतात हे आधीच माहीत असते. दुसरा प्रकार संगणकाविना मेमरी कार्डावर नोंदणाऱ्या, छोट्या पडद्याच्या पेट्यांचा. त्या सोयीच्या आहेत खऱ्या, पण चित्र नोंदतानाच जोरात दाबतात. शिवाय पाल चित्र सेकंदाला ५० अर्धचित्रांनी, म्हणजे एकाआड एक रेषांच्या संचांनी बनलेले असते, आणि अशा पुष्कळ पेट्या त्यांतली निम्मी टाकून देतात. लग्नातल्या संथ चालीत ते खपून जाते, पण विसर्जन मिरवणुकीतले लेझीम अडखळत चालल्यासारखे दिसते. तिसरा प्रकार एव्ही ते एचडीएमआय डब्यांचा. चित्र ‘एचडी’ होईल असे सांगून ते विकले जातात, परंतु सेकंदाच्या ५० स्पंदनांची ६० करून ते हालचाल कायमची बिघडवतात, आणि व्हीएचएसवर मुळात नसलेला तपशील कोणताही डबा निर्माण करू शकत नाही. हे डबे टाळावेत. व्हीसीआरला एस-व्हिडिओची गोल पिन असल्यास पिवळ्या वायरीऐवजी तीच जोडावी, कारण तिच्यात उजेडाचा आणि रंगाचा सिग्नल वेगवेगळा जातो.

नोंद करताना चित्र ७२० बाय ५७६ याच मापात, अर्धचित्रांसह आणि शक्यतो हफवाययूव्हीसारख्या, काहीही न गमावता साठवणाऱ्या पद्धतीने घ्यावे. तासाला तीस जीबीहून अधिक जागा लागते हे खरे, पण तीन तासांच्या कॅसेटची फाईल हार्ड डिस्कवर सहज मावते. व्हॉट्सॲपवर पाठवायची लहान प्रत त्यातून हवी तेव्हा काढता येते, उलट मात्र होत नाही. चित्राच्या तळाशी फाटल्यासारखी दिसणारी पट्टी हेड बदलण्याची खूण असते. ती पूर्वीही होती, फक्त संचाच्या चौकटीआड लपत असे.

शिवडीच्या खाडीलगतच्या या दमट वस्तीत मात्र यंत्राआधीही एक तपासणी लागते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी असते, आणि अशी कॅसेट एकदा वाजवली की हेडांवर बसलेले कण त्यानंतरच्या धडधाकट कॅसेटींवर उतरतात. ती बाजूला काढून प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवावी. उन्हात वाळवू नये, हेअर ड्रायर तर मुळीच मारू नये. ती साफ करून घेण्यासाठी जाणकाराकडेच द्यावी. रूपांतराचे काम पावसाळ्यात हाती घेण्यापेक्षा दिवाळीनंतर घेतलेले चांगले.

कॅसेटी चार-पाचच असतील, तर एवढा खटाटोप न करता व्यावसायिकाकडे जाणेच शहाणपणाचे ठरते. दुकानदाराला कोणता व्हीसीआर वापरता, टाइम बेस करेक्टर आहे का, आणि न कापलेली, न दाबलेली मूळ फाईल मिळेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. नुसती डीव्हीडी देतो म्हणणाऱ्याकडे काम देऊ नये. अमेरिकेहून आलेली कॅसेट असल्यास एनटीएससी वाजते का, हेही आधीच विचारावे. काम झाल्यावर फाईल सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी आवाजासकट पाहावी, तिची एक प्रत गावच्या किंवा दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी, आणि मूळ कॅसेट मोजून परत घ्यावी.