नको असलेले केस आणि लेसर

आमच्या वारजे-माळवाडी भागात नव्या इमारतींबरोबर ब्युटी पार्लर्सही वाढली, आणि हल्ली त्यांतल्या काहींच्या काचेवर 'लेसरने केस कायमचे घालवा' अशी पाटी दिसते. दवाखान्यात मुली आणि त्यांच्या आया विचारतात, "डॉक्टर, हे करून घ्यावं का?" मे महिन्यातल्या लग्नासाठी मार्चअखेर विचारणाऱ्याच जास्त.

केसाला काळा रंग देणारे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. लेसरचा झोत कातडीतून आत शिरला की हे मेलॅनिन तो शोषून घेते, त्यातून उष्णता तयार होते आणि केसाचे मूळ निकामी होते. झोत सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच असल्याने भोवतालची कातडी सहसा वाचते. अमेरिकेत अँडरसन व पॅरिश यांनी हे तत्त्व १९८३ साली मांडले. केस काढण्याच्या पहिल्या लेसरला तिथे १९९५ साली सरकारी परवानगी मिळाली.

आता आपली अडचण पाहा. मेलॅनिन केसातच नव्हे, गव्हाळ-सावळ्या कातडीतही भरपूर असते. गोऱ्या कातडीसाठी लावलेली मात्रा आपल्याकडे जशीच्या तशी वापरली तर केसाआधी कातडीच भाजते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या दोन्ही पोटऱ्यांवर चौकोनी काळे डाग होते, मशीनच्या तोंडाच्याच आकाराचे. ते फिके व्हायला वर्ष गेले. सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटर लांबीचा 'एनडी-याग' लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. सुमारे ८०० नॅनोमीटरचा 'डायोड' लेसरही बेताने वापरतात. यंत्र कोणते, ते चालवणार कोण, त्वचारोगतज्ज्ञ जागेवर असतात का आणि आधी लहानशा जागी चाचणी घेणार का, हे विचारायला संकोच करू नये.

'कायमचे' या शब्दालाही मर्यादा आहे. केस वाढीच्या अवस्थेत असतानाच त्याचे मूळ झोताला सापडते, आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ बैठका लागतात. मार्चमध्ये सुरू करून मेमध्ये काम आटोपत नाही ते यामुळे. शेवटी केस बरेच कमी व बारीक होतात, पण पुढे मधूनमधून बैठक घ्यावीच लागते. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. बारीक लवेवरही फारसा उपयोग नाही. उलट गालाच्या कडेला क्वचित केस वाढल्याचेही दिसते.

पण माझ्या मते पार्लरच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हे केस आले कशाने? हनुवटीवर, ओठावर, छातीवर राठ केस आणि जोडीला पाळी दोन-दोन महिने लांबणे, मुरमे, वजनवाढ असेल तर पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, असण्याचा संभव मोठा. रक्ततपासणी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी करून त्यावर उपचार केले नाहीत तर लेसरवर घातलेले पैसे बरेचसे वाया जातात, कारण नवे केस येतच राहतात. शिवाय या मुलींना पुढे मधुमेहाचा धोका असतो, तो वेगळाच. चार-सहा महिन्यांत एकाएकी केस वाढले, आवाज घोगरा झाला, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे. बीजकोशात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते.

आणखी एक कारण आपल्या घरात, आरशाशेजारच्या फळीवर असते. गोरे होण्यासाठी कोणी सांगितले म्हणून महिनोन् महिने चोळलेले स्टेरॉइडचे मलम! त्याने कातडी पातळ होते, लाल होते आणि चेहऱ्यावर केस येतात. अशी अनेक मलमे २०१८ साली सरकारने 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात, हे आपण सारे जाणतो.

लेसर करायचेच ठरले तर आधी महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद ठेवावे, कारण मूळच उपटले तर झोताला पकडायला काही उरत नाही. उन्हात फिरणे टाळावे. दिवस गेले असतील तर बाळंतपण होईपर्यंत थांबावे. घेत असलेली औषधे, विशेषतः मुरमांच्या गोळ्या, आधी सांगाव्यात. मधल्या काळात रेझर चालतो. "रेझरने केस राठ होतात" म्हणून आया हरकत घेतात, पण ते खरे नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, इतकेच.