समानार्थी शब्दांची वही : अनुभवाचे बोल

इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द सहज सापडतात, पण ते एकमेकांच्या जागी क्वचितच बसतात. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली. पुढे विद्वानांनी लॅटिन शब्दांची भर घातली. लोकांचे जुने शब्दही टिकले. म्हणून 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' हे तिन्ही शब्द विचारण्याचेच असले, तरी 'आस्क' कोणीही करतो, 'क्वेश्चन'मध्ये शंकेचा सूर येऊ शकतो आणि 'इंटरॉगेट' पोलीस करतात.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अनेक विद्यार्थी तीन रकान्यांची वही ठेवतात : शब्द, समानार्थी, विरुद्धार्थी. पाठांतरही चोख होते. अडचण येते ती लिहायला बसल्यावर. 'फेमस'समोर 'नोटोरियस' लिहून ठेवलेले असते आणि निबंधात गावचे प्रसिद्ध देऊळ कुप्रसिद्ध होऊन बसते. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' दोघेही पैसा जपतात, पण पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात हेटाळणी. काटकसरी आणि चिक्कू यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. इंग्रजीतला मात्र मुद्दाम शिकावा लागतो.

दुसरी चूक साधनाच्या निवडीत होते. पीटर मार्क रोझे या डॉक्टरने १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या 'थिसॉरस'मध्ये शब्दांची मांडणी वर्णानुक्रमे नाही, कल्पनांनुसार आहे. ओळखीचा पण ऐन वेळी न आठवणारा शब्द शोधायला तो उत्तम. अनोळखी शब्द त्यातून उचलणे धोक्याचे. नव्या शब्दासाठी विद्यार्थ्यांचा कोश हवा. ए. एस. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये तयार केलेला असा कोश १९४२ साली निघाला. आजची 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' त्याच परंपरेतली. अशा कोशात अर्थाबरोबर वापराची वाक्येही मिळतात.

विरुद्धार्थी शब्द ठरतो तो अर्थावरून. 'हार्ड' दगडाबद्दल असेल तर उलट 'सॉफ्ट', प्रश्नपत्रिकेबद्दल असेल तर 'ईझी'. 'लाइट' रंगाला 'डार्क', 'लाइट' ओझ्याला 'हेवी'. उपसर्ग पाहून उलट अर्थ काढणेही अंगाशी येते. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' दोन्ही ज्वालाग्राहीच. टँकरवरचा 'इनफ्लेमेबल' हा शब्द उलट वाचला तर जिवावर बेतेल.

जोडीतले दोन्ही शब्द नवे असतील, तर ते एकाच बैठकीत पाठ करू नयेत. 'बेनेवोलंट' आणि 'मॅलेवोलंट' एकदम घोकले की दोन्ही लक्षात राहतात, पण परोपकारी कोण आणि दुष्ट कोण याची अदलाबदल होते. आधी एक पक्का करावा, तो वाचनात भेटू लागला की दुसरा घ्यावा. मग 'बेने' म्हणजे चांगले आणि 'मॅले' म्हणजे वाईट ही लॅटिन खूण उपयोगी पडते.

रकान्यांऐवजी एका शब्दाला एक कार्ड ठेवावे. उदाहरणार्थ 'फ्रूगल'. पुढच्या बाजूला फक्त शब्द. मागे अर्थ : साधेपणाने, बेताच्या खर्चात राहणारा. सूर : बहुधा चांगला. सोबत येणारे शब्द : 'फ्रूगल मील', 'फ्रूगल लाइफ'. जवळचा शब्द : 'स्टिंजी', फरक हेटाळणीचा. उलट शब्द : 'एक्स्ट्राव्हॅगंट'. शेवटी स्वतः रचलेले एक वाक्य. सोबतीचे शब्द टाळू नयेत, कारण कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो.

उजळणी एका दमात न करता अंतर वाढवत करावी : दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणावरचे प्रयोग मांडले, त्यात पाठांतर सुरुवातीला झपाट्याने पुसले जाते असे दिसले. उजळणीत आधी उत्तर आठवावे, मगच कार्ड उलटावे.

परीक्षेचा साचाही पाहावा. जीआरईमधून सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ साली गेले; तिथे आता वाक्यात बसणारा शब्द निवडायचा असतो. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत सुटे समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारले जातात. त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात आणि चुकलेल्या प्रत्येक शब्दाचे कार्ड करावे. सुट्या शब्दाच्या प्रश्नात पर्याय अगदी जवळचे असले, तर सूर आणि सोबत यांवरूनच निवड करता येते.