‘यातून सोडवा’ : एका विनंतीचे तीन अर्थ

‘डॉक्टरसाहेब, बाबांना आता यातून सोडवा हो!’ असाध्य कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णाचा मुलगा हात जोडून असे म्हणतो, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना उत्तर सुचत नाही. या एका वाक्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या विनंत्या दडलेल्या असू शकतात : वेदना थांबवा, यंत्रे काढा अथवा प्राण घ्या. नीती आणि कायदा या दोन्ही दृष्टींनी या तिहींत महदंतर आहे. नेमकी कोणती विनंती आपल्यापुढे आहे, हे ओळखणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

वेदनाशमन हा रुग्णाचा हक्कच आहे. वेदनेच्या प्रमाणात, काळजीपूर्वक दिलेले मॉर्फिन म्हणजे दयामरण नव्हे. तेथे हेतू वेदना शमविण्याचा असतो. याउलट प्राण घेण्याच्या हेतूने दिलेले इंजेक्शन, म्हणजेच सक्रिय दयामरण, भारतात गुन्हा आहे.

यंत्रे काढण्याचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासंबंधीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. परंतु उच्च न्यायालयाच्या अनुमतीने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग खुला केला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य करून ‘लिव्हिंग विल’ला वैधता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सुलभ झाली. असे इच्छापत्र आता दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. उपचार थांबविण्याचा निर्णय प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने होतो आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. इच्छापत्र नसल्यास आप्तांच्या संमतीने हीच वाट आहे. आम्हा बेळगावकरांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, कर्नाटकाच्या आरोग्य विभागानेही जानेवारी २०२५ मध्ये याविषयी परिपत्रक काढले आहे.

यंत्र काढणे हीही हत्याच नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ज्या उपचाराने रोग हटत नाही, केवळ मरणाचा अवधी लांबतो, तो चालू ठेवण्याचे नैतिक बंधन वैद्यावर नाही. तेथे मृत्यू रोगाने येतो, वैद्याच्या हाताने नव्हे.

तथापि खरा धोका अन्यत्र आहे. पैसे संपले म्हणून ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ अशी नोंद करून रुग्णाला घरी नेले जाते आणि तेथे तो वेदनाशामक औषधावाचून तळमळत प्राण सोडतो. कागदोपत्री आपण निर्दोष ठरतो. हे दयामरण नव्हे. ही उपेक्षा होय. दारिद्र्याने दिलेल्या संमतीस स्वेच्छा म्हणता येत नाही.

म्हणून व्यवसायबंधूंनो, हा संवाद व्हेंटिलेटर लागण्यापूर्वी, रुग्ण स्वतः बोलू शकत असतानाच व्हावयास हवा. त्याला काय हवे, कशाचे भय वाटते, हे त्यालाच विचारावे व लिहून ठेवावे. उपचार थांबविता येतात. शुश्रूषा थांबविता येत नाही. त्या मुलाला आपण एवढे तरी निश्चित सांगू शकतो : ‘बाबांना वेदना होऊ देणार नाही, आणि शेवटपर्यंत आम्ही येत राहू.’