सुट्टीतील वाचन : सहा पुस्तके व आमची एक चूक

आमच्या विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी इतर महाराष्ट्रापेक्षा अधिक लांबते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला म्हणजे दुपारी घराबाहेर पडणे शहाणपणाचे नसते, आणि शाळाही जून संपत आल्याखेरीज उघडत नाहीत. ह्या दीर्घ दुपारी कशा घालवाव्या, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस दरवर्षी विचारतात, व आम्ही दरवर्षी "पुस्तके वाचा" असे उत्तर देतो. कोणती पुस्तके, कोणी, व का वाचावी, ह्याचा विचार मात्र आम्ही स्वतः फारसा केला नव्हता. तो करावयास आम्हांस आमच्याच एका विद्यार्थ्याने भाग पाडले. ती हकीकत त्याची अनुज्ञा घेऊन येथे लिहीत आहोत. नाव अर्थातच लिहीत नाही.

हा मुलगा देवळी तालुक्यातील एका खेड्यातून शाळेत येतो. गेल्या दिवाळीनंतर त्याचे वडील वारले. घरी आई, धाकटी बहीण व थोडेसे वावर. आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचावयास जाऊ लागली. मुलगा शाळेत येई. परंतु त्याचे लक्ष कोठेच लागत नसे. आम्हांस वाटले, ह्यास एखादे चांगले पुस्तक द्यावे. आम्ही कपाटातून 'श्यामची आई' काढून त्याच्या हाती ठेवले. आईची थोरवी सांगणारे ह्याहून चांगले पुस्तक कोणते?

दोन दिवसांनी त्याने ते आमच्या टेबलावर आणून ठेवले. आम्ही विचारले, "अरे, इतक्यात वाचून झाले?" तो खाली पाहून म्हणाला, "सर, याच्यात शेवटी मायच जाते. हे घरी कसं ठेवू?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. पुस्तक आम्ही वीस वर्षे शिकवीत होतो. श्यामचे घर कर्जात बुडते, आई खंगत जाते, आणि श्याम घरी पोहोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु पुस्तक देताना आम्ही त्यातील बोध तेवढा पाहिला. ज्याचे वडील नुकतेच गेले व ज्याची सारी भिस्त आता आईवर आहे, त्या मुलाच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही.

म्हणून गेल्या सुट्टीत आम्ही निश्चय केला की, ग्रंथालयातील काही पुस्तके पुन्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावयाची, व प्रत्येक पुस्तक मिटताना एकच प्रश्न विचारावयाचा : चौदा-पंधरा वर्षांच्या कोणत्या मुलास अथवा मुलीस हे द्यावे? त्या वाचनातून जे हाती लागले ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

पहिले पुस्तक वीणा गवाणकर ह्यांचे 'एक होता कार्व्हर'. हे १९८१ साली प्रसिद्ध झाले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात एका गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मले. तान्हे असतानाच लुटारूंनी त्यांस आईसह पळवून नेले. मूल परत मिळाले, आई पुन्हा कधीच सापडली नाही. येथे आम्ही वाचता वाचता थांबलो. ह्याही पुस्तकात आई जाते. परंतु ती आरंभीच जाते, आणि पुढील सारा ग्रंथ त्यानंतर काय काय घडू शकले ह्याचा आहे. दुःख जेथे संपविते असे वाटते तेथून ही कथा सुरू होते. आमच्या त्या विद्यार्थ्यास अशा कथेची आवश्यकता होती.

पुढे कार्व्हर घरोघर कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिकले. एका महाविद्यालयाने प्रवेश दिला होता. पण प्रत्यक्ष गेल्यावर त्यांचा वर्ण पाहून त्यांस परत पाठविले. तरीही ते कृषिशास्त्रात पारंगत झाले, व १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांच्या बोलावण्यावरून अलाबामातील टस्कीगी येथील संस्थेत गेले. तेथील जमीन वर्षानुवर्षे नुसता कापूस पिकवून निःसत्त्व झाली होती. कार्व्हरांनी शेतकऱ्यांस सांगितले की, कापसानंतर भुईमूग, चवळी अशी शेंगांची पिके घ्या. त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, म्हणून १९०६ साली त्यांनी अवजारे व बियाणे भरलेली एक गाडीच गावोगाव फिरविली. पुढे त्या मुलखात बोंडात शिरणाऱ्या किड्याने कापसाची धूळधाण केली, तेव्हा भुईमुगाकडे वळलेले शेतकरी तरले. अलाबामातील एंटरप्राइझ गावाने तर १९१९ साली त्या किड्याचेच स्मारक उभारले, कारण त्याने त्यांस एकाच पिकावर विसंबण्याची खोड सोडावयास लावली! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केले, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांस हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. कार्व्हरांनी भुईमुगापासून शेकडो वस्तू बनविल्याचे मोठे कौतुक होते. परंतु त्यांपैकी बाजारात टिकल्या फारच थोड्या, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. त्यांचे खरे कार्य गरीब शेतकऱ्याच्या मातीत झाले. थोर पुरुषाचे चरित्र वाचताना आदर ठेवावा, पण तपासण्याची सवयही ठेवावी.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकर ह्यांची 'बनगरवाडी' ही १९५५ सालची छोटी कादंबरी. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर नेमला जातो. शाळेस मुले येत नाहीत, वाडीतील माणसे त्यास जोखून पाहतात. हळूहळू तो त्यांचा होतो. त्यांच्याच श्रमांनी तालीम उभी राहते. मग दुष्काळ येतो, आणि वाडी उठून जाते. लेखकाने कोणासही दोष दिला नाही व कोठेही उपदेश केला नाही. चांगले काम करूनही ते डोळ्यांदेखत ओस पडू शकते, हे सत्य बहुतेक पुस्तके मुलांपासून लपवितात. कोरडवाहू मुलखातील मुलास ते घरीच कळलेले असते. ज्यास पुढे शिक्षक व्हावयाचे आहे त्याने हे पुस्तक अवश्य वाचावे.

तिसरे, प्रकाश नारायण संत ह्यांचे 'वनवास'. हे १९९४ साली निघाले. ह्यातील लंपन पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' व 'झुंबर' ह्या पुस्तकांतही भेटतो. लंपन आईवडिलांपासून दूर, कर्नाटकाच्या सीमेवरील गावी आजीआजोबांकडे राहतो. आजी मायाळू आहे, मित्र आहेत, झाडे आहेत. तरीही संध्याकाळी एकाएकी त्याच्या पोटात काहीतरी तुटते. शिक्षणासाठी मामाकडे, आत्याकडे वा वसतिगृहात राहणारी मुले आमच्या वर्गात पुष्कळ आहेत. त्यांस हे तुटणे ठाऊक असते. त्यास शब्द असू शकतात, हे ठाऊक नसते. भाषा कानडी वळणाची व खट्याळ आहे. पहिली दहा पाने अडखळतील. मग अडखळणार नाहीत.

चौथे, मिलिंद बोकील ह्यांची 'शाळा', २००४ सालची. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची ही कथा. मुकुंद जोशी ह्या मुलास वर्गातील एका मुलीविषयी वाटणारी ओढ हा तिचा गाभा. हे पुस्तक आम्ही बरीच वर्षे कपाटाच्या वरच्या खणात ठेविले होते, हे कबूल करतो. त्यातील मुले शिव्या देतात, वर्गाबाहेर भटकतात. काही पालकांस ते खटकेल. परंतु ह्या वेळी वाचताना आम्हांस असे दिसून आले की, ही ओढ लेखकाने कोठेही हिणकस केलेली नाही, आणि मुलाच्या मनातील घालमेलीस तो हसतही नाही. ज्या विषयावर घरी व शाळेत दोन्हीकडे मौन असते, त्या विषयावर एखाद्या सभ्य माणसाने बोललेले बरे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ते आता खालच्या खणात आणले आहे.

पाचवे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून हे भागाभागाने प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पत्नीची व त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई आपल्या विचाराने त्यांच्याकडे आल्या. आमच्यासारख्यांच्या घरी हे पुस्तक आदराने फडताळात असते, व आदरामुळेच न वाचलेले राहते. म्हणून सांगतो की, ते हसतखेळत वाचावयाचे पुस्तक आहे. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या इतके आहारी गेले होते की, बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घरात घ्यावे लागे! टिळक थोर कवी, पण खिशातील पैसे वाटेल त्यास देऊन रिकाम्या हाताने घरी येणारे. त्यांच्या संसाराची ओढाताण लक्ष्मीबाई अशा सांगतात की, प्रथम हसू येते, व मागाहून त्या बाईने काय सोसले असेल ते ध्यानात येते. त्यांस शाळेचे शिक्षण नव्हते. तरी त्यांनी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण केले, आणि त्यांचे गद्य आजही ताजे आहे. "आम्हांस निबंध लिहिता येत नाही" असे म्हणणाऱ्या मुलींनी ह्यातील कोणतेही एक प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे. बोलावे तसे लिहिता येते, ही हिंमत त्यातून मिळते.

सहावे, मारुती चितमपल्ली ह्यांचे 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र. सोलापुरात जन्मलेल्या ह्या वनाधिकाऱ्याने नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ह्या विदर्भातील जंगलांत आयुष्य घालविले, व रानातील माणसांकडून पाखरांची व झाडांची नावे वेचून मराठीस दिली. २०२५ च्या जूनमध्ये ते निवर्तले. पुस्तक जाड आहे. सलग न वाचता रोज थोडे वाचावे. आपल्या सेलू तालुक्यात बोरचे जंगल आहे. २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे सहलीस जाण्यापूर्वी ह्या पुस्तकाची पन्नास पाने वाचलेला विद्यार्थी व न वाचलेला विद्यार्थी एकाच रस्त्याने चालतील. दिसेल ते मात्र निराळे.

आता पुन्हा 'श्यामची आई'कडे येऊ. साने गुरुजींनी हे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा ती उतरून घेणारे गुरुजीच होते. आणि ते विनोबा १९२१ पासून आपल्या वर्ध्याचे. असे हे जवळचे पुस्तक. ते आम्ही कमी लेखीत नाही. कर्ज घराची अब्रू कशी खाते, हे मराठीत इतक्या सोप्या शब्दांत क्वचितच कोणी लिहिले असेल. आई असताना तिच्याशी उर्मटपणे बोलणाऱ्या मुलास ते अवश्य द्यावे. परंतु जखम ओली आहे त्यास ते देऊ नये. दिलेच तर देणाऱ्याने शेजारी बसावे.

ह्या वाचनातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. प्रथम, शेवटचे पान वाचल्यावाचून कोणतेही पुस्तक दुसऱ्यास देऊ नये. दुसरे, पुस्तक निवडताना बोध पाहण्यापूर्वी वाचणाऱ्याकडे पाहावे. तिसरे, मुलाने पुस्तक परत आणून दिले तर रागावू नये. का आणले, ते विचारावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडूनही एक मागणे आहे : आवडले नाही ते पुस्तक मुकाट्याने कपाटात ठेवू नका. त्या मुलाने जसे सांगितले, तसे आम्हांस सांगा.

'एक होता कार्व्हर' आम्ही त्या विद्यार्थ्यास सुट्टी लागताना दिले होते. शाळा उघडल्यावर तो आला, पुस्तक टेबलावर ठेवले, आणि म्हणाला, "सर, माझे आजोबा दर वर्षी पऱ्हाटीत तुरीच्या ओळी टाकायचे. का टाकायचे, ते आता समजलं. मायलाही वाचून दाखवलं." ह्या वर्षी त्यांच्या वावरात तुरीच्या ओळी आहेत. 'श्यामची आई' अजून कपाटातच आहे. त्याने पुन्हा मागितलेले नाही, व आम्हीही विचारलेले नाही.